चाचांची खडीसाखर

चाचांच्या डब्यातली खडीसाखर मी एकदाही न चावता संपवली नाही. ते माझ्या तळहातावर बोराच्या बीएवढा एक खडा ठेवायचे आणि म्हणायचे, "तोंडात ठेव. इरघळेपर्यंत बोलायचं नाय. आणि चावायचं तर मुळीच नाय." मी ठेवायचे आणि मिनिटभरात कडकन चावायचे. मग ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे आणि डबा पुन्हा पुढे करायचे. त्या एका उन्हाळ्यात मी जेवढी खडीसाखर खाल्ली, तेवढी आजवर सगळ्या जत्रा मिळून खाल्ली नसेल.

ही काय भानगड होती ते कळायला आधी पाटीची गोष्ट सांगायला हवी.

मी मूळची कोलाडजवळच्या खांब गावची. पनवेलच्या एका कंपनीतली नोकरी मी रागाच्या भरात सोडली. कशावरून ते आता आठवत नाही, राग मात्र लख्ख आठवतो. मग छोट्या दुकानदारांना वेबसाईट बनवून द्यायचा उद्योग सुरू केला. घरी बसून काम होईना, कारण आई दर तासाला "दमलीस का गो?" विचारायला यायची आणि तिला उत्तर देऊनच मी दमायचे. म्हणून रोह्याला एक खोली घेतली. खाली चाचा-चाची, वर मी. गेटवर मी झोकात पाटी लावली : 'वेबसाईट बनवून मिळेल. वर या.'

आठवड्याने चाचा वर आले. उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट आणि चष्मा सुतळीने गळ्यात अडकवलेला. हातात शाळकरी वही होती. त्यांनी ती माझ्यापुढे उघडून धरली. पानावर चार उभ्या रेघा, त्यांच्यावरून एक आडवी, आणि शेजारी आणखी दोन.

"हे काय?" मी विचारलं.

"सात माणसं. तुझ्याकडं यायला निघाली आणि माझ्या दारात पोचली. पाच जणांनी बेल मारली. दोघं इकडंतिकडं बघून परत गेली. 'वर या' म्हणतेस, पण जिना मागल्या अंगाला हाय ते कुठं लिवलंयस?"

"मग विचारलं की सांगायचं ना चाचा!"

"पाचांना सांगितलं. त्या दोघांचं काय?"

मला असा संताप आला! घर त्यांचं, जिना त्यांनी मागे काढलेला आणि चूक माझी. तावातावाने मी पाटीखाली भलामोठा बाण काढला, 'जिना मागे' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, घ्या आता. पुढच्या शुक्रवारी चाचा पुन्हा वर आले आणि वहीचं कोरं पान दाखवून गेले. त्या आठवड्यात मला दोन गिऱ्हाइकं मिळाली होती. मी आभार मानले नाहीत, तेवढा मोठेपणा तेव्हा माझ्यात नव्हता.

चाचांनी तीस वर्षं बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. कुठल्या बसस्थानकावर ते सांगत नाही. "नाव घेऊ नको, तिथली पोरं अजून नोकरीत हायेत," असं त्यांनीच बजावलंय. थोरला भाऊ, दोन मुलगे, मुलगी, मेहुणे सगळे आखातात गेले. चाचांनाही दोनदा व्हिसा आला होता, पण हे हलले नाहीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "तिकडं मला कोण काय विचारणार?"

खिडकी सुटली तरी सवय सुटली नव्हती. लोक कुठे अडतात ते मोजणं हाच त्यांचा दिवसभराचा धंदा होता. कुठल्या दुकानाचं दार आत ढकलायचं असून माणसं बाहेर ओढतात, कुठल्या बँकेत पेनाची दोरी फॉर्मपर्यंत पोचत नाही, सगळं वहीत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक दवाखाना होता. तिथे 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावलेली. चाचा समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळभर बसले आणि मग वही घेऊन थेट डॉक्टरांपुढे उभे राहिले. "एकोणीस माणसं चपला घालून आत आली." डॉक्टर म्हणाले, "लोकांना शिस्त नाही हो." चाचा म्हणाले, "पाटीला शिस्त नाय. तिची जागा बाहेर, ती बसलीय आत." डॉक्टरांनी पाटी बाहेर लावली, पण चाचांना त्यानंतर कधी हसून तपासलं नाही.

एवढं सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र काही सापडायचं नाही. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि चाचींनी त्याकडे साफ दुर्लक्ष करून हवं ते हव्या त्या डब्यात भरलं होतं. 'साखर' लिहिलेल्या डब्यात हळद. खडीसाखरेच्या डब्यावर 'सुया-दोरे' लिहिलेलं होतं. चाचा त्यावर एवढंच म्हणायचे, "इथं चौकशीच्या खिडकीत ती बसते. माझं काय चालणार?"

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की हे मोजायचं वेड लागलं कधी. एरवी असल्या प्रश्नाला ते मान हलवून टोलवायचे. त्या दिवशी सांगितलं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, लग्नसराईच्या गर्दीत, खिडकीवर एक म्हातारा आला आणि त्याने कोलाडची गाडी कुठे लागते ते विचारलं. हे वैतागलेले होते. म्हणाले, "एवढी मोठी पाटी दिसत नाय काय? वाचा की!" म्हाताऱ्याने "व्हय, व्हय" म्हटलं आणि गेला. तीन तासांनी हे चहाला बाहेर पडले तर तो भलत्याच फलाटावर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेला. कोलाडच्या दोन गाड्या येऊन गेल्या होत्या. त्याला वाचता येत नव्हतं. आणि पुन्हा विचारायची लाज वाटत होती.

"मी त्याला गाडीत बसवून दिला," चाचा म्हणाले. "पण तो माझ्याकडं बघेना गो. माफी मागितली तरी बघेना. भांडणारा माणूस परत खिडकीवर येतो, त्याची फिकीर नाय. लाजलेला माणूस गप निघून जातो. त्याला मोजायचा तर आपल्यालाच उठून बाहेर जायला लागतं."

हे ऐकून मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. तरी माझ्या कामात त्यांनी नाक खुपसावं असं मला अजूनही वाटत नव्हतं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता आणि ऑनलाईन त्यांनी आयुष्यात काही घेतलेलं नव्हतं. "मी घेणारा नाय, बघणारा," म्हणायचे.

ती वेळ सुनंदाताईंनी आणली.

सुनंदाताई पेणच्या. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करायच्या. नऊ बायका हाताखाली, एक पत्र्याची शेड आणि शेजारपाजारच्या तीन गच्च्या वाळवणाला. त्यांची वेबसाईट मी बनवली होती आणि खरं सांगते, मला तिचा फार गर्व होता. पापडांचे फोटो हळूच सरकत यायचे, मागे बासरी वाजायची. 'कार्ट'ला मी 'टोपली' असा अस्सल शब्द काढला होता. पाकिटावर छापलं होतं, 'सुनंदा पापड, पेण'. पहिलं पाकीट छापून आलं तेव्हा सुनंदाताई त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या होत्या, "रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर माझं नाव कुठं छापलेलं नव्हतं बाय."

दोन महिने झाले, वेबसाईटवर लोक येत होते. पापड बघत होते, टोपलीत टाकत होते आणि निघून जात होते. विकत कोणी घेत नव्हतं. सुनंदाताईंना वाटलं भाव जास्त आहे. माझ्याच सल्ल्याने त्यांनी तो दोनदा उतरवला. तरी तेच. अशात वाशीचा एक व्यापारी शेडवर येऊन गेला. सगळा माल तो उचलणार होता, दर वर्षी, बिनघोर. फक्त पाकिटावर नाव त्याचं. "हात तुमचे, नाव माझं," असं तो हसत हसत म्हणाला म्हणे. रविवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

सुनंदाताईंनी सोमवारी मला फोन केला. रडल्या वगैरे नाहीत, त्या रडणाऱ्यातल्या नव्हेतच. म्हणाल्या, "तुझी साईट चांगलीच हाय गो. लोकांनाच माझे पापड नको असतील. नऊ जणींच्या पोटाचा प्रश्न हाय. नावाचं काय मोठंसं, देते त्याला."

'चांगलीच हाय' हे शब्द मला फार लागले. मी जिन्यावर बसून राहिले. खाली चाचा तुळशीएवढ्या एका कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी न विचारताच त्यांना सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हटलं, "लोक का जातात तेच कळत नाही."

चाचांनी झारी खाली ठेवली. "तू त्यांना जाताना बघितलंस?"

"असं बघता येत नाही हो. कुठल्या कुठल्या गावाहून येतात लोक."

"मग आपल्या समोर बसवू की. पेणला गाडी किती वाजता हाय ते मला विचारू नको, पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला गेलो. शेडच्या कोपऱ्यात चाचांनी एक खुर्ची मांडून घेतली, माझा फोन स्टुलावर ठेवला आणि सुनंदाताईंना म्हणाले, "ताई, तुमची जुनी गिऱ्हाइकं बोलवा. फोनातलं फार कळणारी नकोत." आणि मग माझ्याकडे वळून सोबत आणलेला खडीसाखरेचा डबा उघडला. "ज्याने पाटी रंगवली त्याला गप बसवत नाय. मधेच बोलतो. घे."

पहिल्या आल्या त्या जिते गावच्या काकी. गाडीने आल्या होत्या, पदरात रुमाल, रुमालात तिकीट. लेक नाशकात दिलेली, तिला पापड पाठवायचे होते. चाचांनी त्यांना आदबीने बसवलं आणि म्हणाले, "काकी, ही तुमची परीक्षा नाय. या पानाची हाय. तुम्ही अडलात तर चूक हिची." असं म्हणून त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

काकींनी पान उघडलं. बासरी वाजली. काकींनी दचकून फोन स्टुलावर टाकला. "अगोबाय, कोणाचा फोन आला!" चाचांच्या वहीत पहिली रेघ पडली. बासरीसाठी मी दोन दिवस घालवले होते. मी खडीसाखर चावली.

पुढे मोबाईल नंबर विचारणारी चौकट आली. ती मी अगदी दारातच ठेवली होती. काकींनी नातवाला विचारल्यासारखं सुनंदाताईंना विचारून नंबर भरला. दुसरी रेघ. "माणूस दुकानात शिरायच्या आधी त्याचं नावगाव विचारतेस?" चाचा पुटपुटले. "पोलीस चौकी हाय काय?"

मग पापडाचं पान आलं. फोटो बघून काकी खूश झाल्या. फोटोखाली बारीक अक्षरात 'एक पाकीट, १०० नग' असं होतं आणि त्याखाली चौकट : 'संख्या'. काकींनी चष्मा सारखा केला आणि एकेक आकडा दाबत लिहिलं : १००.

त्या 'टोपलीत टाका'वर बोट ठेवणार तोच मी उठले. तोंडात खडा होता म्हणून नुसतंच "उंऽ उंऽ" निघालं. चाचांनी नजरेनेच मला खाली बसवलं.

बेरीज आली. काकींनी ती दोनदा वाचली. मग फोन हळूच पालथा ठेवला आणि पदर सावरत म्हणाल्या, "राहू दे. मी पुढच्या बाजाराला येऊन घेऊन जाईन." त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं. आपल्याला परवडत नाही हे चारचौघांत कळू नये म्हणून माणूस हसतो ना, तसं. 

त्यांच्यामागून शेजारचा एक गडी आला, डोलवीला कंपनीत कंत्राटावर असलेला. शिफ्ट सुटल्या सुटल्या आला होता, अंगावर कंपनीचाच शर्ट. फोन वापरण्यात पटाईत. बासरी त्याने न बघता बंद केली, नंबर भरला आणि 'संख्या' मध्ये सफाईने लिहिलं : २००. बेरीज बघून भुवया वर केल्या, पान मिटलं आणि म्हणाला, "बघतो नंतर."

चाचांनी विचारलं, "आता काय विचारावंसं वाटलं तुला?"

"वाटलं होतं विचारावं, एवढे कसे झाले. पण विचारणार कोणाला? इथं खिडकी कुठंय?"

चाचांचे डोळे चमकले. तीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाला याहून गोड काय ऐकू येणार!  ते वाक्य त्यांनी वहीत लिहिलं आणि ते सुनंदाताईंकडे वळले.

"ताई, तुम्ही कधी तुमचे पापड इथून मागवलेत?"

"मी कशाला मागवू? माझ्या घरात पापडांचा ढीग."

"मागवा. जावेला पाठवायचेत असं समजा. एक शेकडा."

सुनंदाताईंनी हाताचं पीठ पुसलं आणि फोन घेतला. नऊही बायका लाटणी थांबवून बघायला लागल्या. सुनंदाताई फोटोपाशी थांबून हसल्या, खाली सरकल्या आणि 'संख्या' पाशी आल्या. मला माहीत होतं त्या काय करणार. मी डोळे मिटून घेतले.

त्यांनी लिहिलं, १००.

बेरीज आली. सुनंदाताई म्हणाल्या, "हे काय आलं? अगो, ही बेरीज कसली?"

चाचा म्हणाले, "बोल आता."

मी खडा थुंकूनच टाकला. "ताई, पाकीटच शंभराचं आहे. तिथे 'एक' लिहायचं होतं. तुम्ही शंभर पाकिटं मागितलीत. दहा हजार पापड."

"दहा हजार!" मागून एक बाई म्हणाली. "अख्ख्या पेणच्या गच्च्या लागतील गो वाळवायला!" आणि सगळ्या जणी खो खो हसत सुटल्या. सुनंदाताईही हसल्या. मला हसू येईना.

कारण पापड शेकड्याने घेतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या खांबच्या घरात दर उन्हाळ्यात 'यंदा किती शेकडे?' यावरून आई आणि आत्याची भांडणं ऐकत मी वाढले. कोणी पापडांचं 'पाकीट' मागत नाही, शंभर मागतो, दीडशे मागतो. हे माहीत असून मी पनवेलला शिकलेलं तयार पान उचललं आणि त्यावर 'संख्या' लिहून मोकळी झाले. आणि याहूनही वाईट एक गोष्ट होती. ती तिथल्या तिथे सांगून टाकली नसती तर मी चाचांच्या समोर पुन्हा उभी राहू शकले नसते.

"चाचा, त्या अर्धवट सोडलेल्या टोपल्या मला मागच्या बाजूने दिसतात. कोणाची शंभर पाकिटं, कोणाची दोनशे. मला वाटायचं टवाळ पोरं खेळतायत. मी रोज सकाळी त्या पुसून टाकायचे."

 मला वाटलं, आता चाचा तो कोलाडचा म्हातारा काढतील. त्यांनी नाही काढला. तेवढीच त्यांची माझ्यावर दया. त्यांनी फक्त विचारलं, "सगळ्या पुसल्यास?"

मी फोन उघडला. रविवारपासून गडबडीत पुसायच्या राहिल्या होत्या. आजच्या तीन सोडून अकरा टोपल्या होत्या. आणि प्रत्येकीवर मोबाईल नंबर होता, कारण तो मी दारातच घेत होते.

"तोबा!" चाचा कपाळावर हात मारून म्हणाले. "पोलीस चौकीच कामाला आली."

त्या दुपारी सुनंदाताईंनी अकराही जणांना स्वतः फोन केला. काय बोलायचं ते चाचांनी ठरवून दिलं होतं : आधी आपली चूक सांगायची, मग एकच प्रश्न विचारायचा आणि पुढे गप्प बसायचं. सुनंदाताई म्हणायच्या, "मी पेणहून सुनंदा पापडवाली बोलतेय. आमच्या पानावर चूक होती, तुम्हाला भाव भलताच दिसला. तुम्हाला शंभर पापड हवे होते काय?" आणि थांबायच्या. पलीकडून हसण्याचे आवाज यायचे. ठाण्याचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आम्ही म्हटलं पेणचे पापड सोन्याच्या लाटण्याने लाटतात की काय!" साताऱ्याच्या एका बाईंनी शंभराचे तीनशे केले. दोघांनी फोन उचलला नाही आणि एकाने, नंबर दिलाच का म्हणून, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुनावलं. आठ जणांनी पापड मागवले.

आठ म्हणजे काही फार नव्हेत. वाशीचा व्यापारी टेम्पो भरून नेणार होता. मी तसं म्हटलंही. सुनंदाताई फोन ओटीत ठेवत म्हणाल्या, "नाय गो, तुला कळलं नाय. दोन महिने मी समजत होते की लोकांना माझा पापड नको. आठ माणसं त्याच पापडाच्या दारात उभी होती."

मग दोन दिवसांत आम्ही सगळं पान उलटंपालटं केलं. बासरी गेली. नंबर शेवटी गेला. 'संख्या'च्या जागी तीन ठसठशीत बटणं आली : अर्धा शेकडा, एक शेकडा, दोन शेकडे. मी शंका काढली, की बंगळूरच्या माणसाला शेकडा कळेल का. चाचा म्हणाले, "खाली लिव की, शंभर पापड. जागा काय तुझ्या बापाची जातेय?" वर एक चौकट आली, 'काही विचारायचंय?' आणि तिच्यात सुनंदाताईंचा फोन. तिला चाचांनी स्वतः नाव दिलं : चौकशी. भाव मूळच्या जागी गेला. चाचांची अजून एक मागणी होती. सुनंदाताई प्रत्येक शेकड्यावर पाच पापड जास्त घालायच्या, वाटेत मोडले तर असावेत म्हणून. "हे कुठं लिवलंय?" चाचांनी विचारलं. सुनंदाताई लाजल्या. "ते काय लिवायचं? ते द्यायचेच असतात." पण चाचा हटले नाहीत. 'शंभर पापड, वर पाच आमच्याकडून' ही ओळ आली.

काम झालं तरी चाचा उठेनात. त्यांनी काकींना बोलावून पुन्हा बसवलं, त्या गड्याला पुन्हा बसवलं. काकी बटण दाबून क्षणभर थांबल्या आणि "झालं? एवढंच?" म्हणाल्या. मला वाटलं आता तरी चाचा शाबासकी देतील. ते वही मिटून म्हणाले, "काकी शेवटी अडल्या. पत्ता लिवायची चौकट बारीक हाय."

गाडीत मी भांडलेच. "चाचा, तुम्हाला आयुष्यात एकदा तरी कोणी न अडता गेलेला दिसलाय का?"

ते खिडकीबाहेरची मिठागरं बघत म्हणाले, "'कुठं अडलो नाय' असं लिवायचा योग माझ्या वहीत अजून आला नाय. आला की कळवीन."

रविवारी व्यापारी शेडवर आला. मी तिथे नव्हते, मला हे बायकांनी सांगितलं. तोवर नव्या पानावरून मागण्या यायला लागल्या होत्या, पण थोड्याच. पुढे काय होईल याची खात्री कोणालाच नव्हती. सुनंदाताईंनी आदल्या दिवशी नऊ जणींना विचारलं होतं आणि नऊ जणींनी एका सुरात सांगितलं होतं, की लाटायचं ते आपल्या नावाला. सुनंदाताईंनी व्यापाऱ्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "हात माझे आणि नावही माझंच राहू दे. तुम्हाला पापड हवे असतील तर साईटवर या. शेकड्याने मिळतील."

त्या उन्हाळ्याअखेर तिसऱ्या गच्चीच्या पुढे चौथी गच्ची लागली. आता बायका चौदा आहेत. मी पेणला खोली घेतली आणि रोहा सुटलं. माझ्या टेबलावरही खडीसाखरेचा डबा असतो. वेबसाईट तपासताना दुकानदाराच्या तोंडात खडा ठेवते. सगळे चावतात.

चाचा मध्यंतरी मुलीकडे मस्कतला सहा महिने राहून आले. तिथून त्यांचा फोन यायचा तो तिथल्या वाणसामानाच्या मोठ्या दुकानात लोक कुठे अडतात ते सांगायला. मुलीने येताना त्यांना मोठा फोन घेऊन दिला, हे मला चाचींकडून कळलं. चाचा त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात मी सुनंदाताईंच्या शेडमध्ये त्यांच्यासमोर बसून नव्या मागण्या वाचून दाखवत होते. पुणे, दोन शेकडे. कल्याण, एक. रोहा, एक शेकडा. मी पुढे जाणार तोच नावाकडे लक्ष गेलं. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'चौकशी'. पत्ता आमच्या त्याच घराचा. शेवटी 'जिना मागे' असंही होतं, खरं तर खाली राहणाऱ्याला जिन्याशी काही कर्तव्य नव्हतं. आणि निरोपाच्या चौकटीत तीन शब्द :

'कुठं अडलो नाय.'

"काय गो? काय झालं?" सुनंदाताईंनी विचारलं. मला उत्तर देता येईना. तोंडात खडीसाखर नव्हती, तरीही.

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ओठ हलवत वाचलं. मग उठल्या, हात धुतले आणि कोणाला हात लावू न देता स्वतः शंभर पापड मोजले. वर पाच ठेवले. पाकीट बंद केलं, नावाची बाजू वर केली आणि तळहाताने एकदा पुसली.